प्रतिसाद: जुन्या घरातली ओल आणि भिंतींचा गिलावा

जुन्या जांभ्याच्या (तांबड्या, सच्छिद्र दगडाच्या) घरात भिंतींना ओल येऊन पोपडे सुटतात, काय करावं, असा प्रश्न इथे आलाय. पोपडे खरवडून वॉटरप्रूफ पुट्टी आणि वर ऑइल पेंट, हा त्यावर कुणीतरी सुचवलेला उपाय अशा घराला करू नका, असं माझं स्पष्ट मत. जांभा जमिनीतलं पाणी वर ओढतो. आतून वाट बंद केली की ओल आणखी वर चढते, आणि दोन पावसाळ्यांत तोच रंग फुगून सुटतो. रंगाऱ्याला काय, पुन्हा काम मिळतं!

आधी बाहेर बघा. अंगणात भर घालून घालून माती जोत्याच्या वर आलीये का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी साचतंय का? निम्मा आजार तिथेच असतो.

आतला सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढा. पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, क्षार पुन्हा आत मुरतात. काम दिवाळीनंतर सुरू करा आणि भिंत उघडी ठेवून वाळू द्या. इथे घाई नडते, जाड भिंतीला महिनोन्महिने लागतात. मग एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू असा गिलावा, पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि त्यासाठी थोडा ओलावा लागतो, म्हणून काही दिवस हलकं पाणी मारत राहायचं.

वर फक्त चुन्याची सफेदी. हाताला पांढरं लागतं, घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या. कपाटं मात्र भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.