'व्हिलन' मुळात शेतकरी होता, पण 'सॅलरी'तले मीठ कुठे आहे?

चिकित्सक: "रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, त्यावरून सॅलरी", असे काल येथे इंग्रजी शब्दांच्या मुळांवरील लेखात ठामपणे लिहिले गेले, म्हणून हे सविस्तर उत्तर. लॅटिन 'सॅलॅरियम'चा मिठाशी संबंध आहे, याबद्दल वाद नाही. परंतु सैनिकाच्या पदरात मीठच पडत असे, असे सांगणारा एकही रोमन लेखक नाही. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला २२५ डेनारियस मिळत, आणि तीही नाणी होती.

मीठभाकर: 'खाल्ल्या मिठाला जागणे' हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. मीठ आणि चाकरीचे नाते कागदाची वाट पाहत नाही.

चिकित्सक: त्या वाक्प्रचारात निष्ठा आहे, वेतनाची पद्धत नाही. आपला 'पगार' तर पोर्तुगीजांकडून आला. त्यात मीठ कुठे आहे?

शिवारातला: मिठावरून इतके भांडता, पण त्याच लेखातला 'व्हिलन' कोणाच्याच डोळ्यांत खुपला नाही. 'व्हिला' म्हणजे जमीनदाराची शेतवाडी आणि तिथे बांधील म्हणून राबणारा तो 'व्हिलेन'. त्याचाच पुढे खलनायक 'व्हिलन' झाला. इंग्लंडच्या १०८६ च्या डूम्सडे या जमीन-नोंदवहीत अशांची गावोगाव मोजदाद आहे. तिथल्याच १३८१ च्या शेतकरी बंडात ही बांधिलकी रद्द करा म्हणून ते लंडनपर्यंत गेले, राजा दुसऱ्या रिचर्डने वचन दिले आणि ते मागे घेतले. मी पुण्यात शिकायला आलो, तेव्हा वर्गात 'व्हय' म्हणालो आणि मागच्या बाकावरून 'गावंढळ' ऐकू आले. माझे वडील ऊस तोडून आलेल्या हातांनी माझी फी मोजत असत. त्या दिवसापासून मी 'होय' म्हणतो, घरीसुद्धा, आणि त्याचे दुःख अजून आहे.

अर्थछटा: आपले दुःख मान्य, पण शब्द वरही चढतात. इंग्रजीतला 'नाइट' पूर्वी पोरगा किंवा चाकर होता आणि पुढे सरदार झाला. शब्दाच्या प्रत्येक प्रवासात द्वेष शोधणे हा अभ्यास नव्हे.

शिवारातला: मग 'नेव्ह'चे काय? तोही मूळचा पोरगाच होता, तो लबाड ठरला. ज्याला घोडा मिळाला तो चढला, ज्याच्या हाती खरकटी भांडी राहिली तो घसरला. याला योगायोग म्हणू नका, मला संताप येतो!

अर्थछटा: 'नेव्ह' मी विसरलो होतो. तेवढा मुद्दा आपला.

मीठभाकर: सैनिकांचे मीठ मीही मागे घेतो. 'गावंढळ' मात्र माझ्याही तोंडी होता, तो आजपासून नाही.