पोस्टग्रेस सर्व्हरवर चालतं पण लॅपटॉपवरून जोडत नाही

वर विचारलंय की नवीन पोस्टग्रेस (डेटाबेस) टाकलं, सर्व्हरवर बसून चालतं पण दुसऱ्या मशीनवरून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. आधी फायरवॉलच्या मागे लागू नका हो, रिफ्यूज्ड आलं म्हणजे बहुतेक वेळा पॅकेट तिथवर पोचलंय फक्त त्या पत्त्यावर ऐकायला कोणी नाहीये, फायरवॉल गिळत असेल तर नुसतं लटकून राहतं आणि मग टाइमआउट येतो. हिंजवडीच्या ऑफिसात मी अख्खी दुपार पोर्ट उघडण्यात घालवली आणि शेवटी एसएस कमांड (ss, कोणता प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते दाखवते) मारली तर ५४३२ या पोस्टग्रेसच्या पोर्टच्या आधी १२७.०.०.१ दिसलं, म्हणजे मशीनचा फक्त स्वतःपुरता पत्ता, बाहेरच्यांसाठी दार बंदच. पोस्टग्रेस मुळातच तसं येतं. लिसन-अ‍ॅड्रेसेस (postgresql.conf मधली listen_addresses, कुठल्या पत्त्यांवर ऐकायचं ती सेटिंग) मध्ये लोकलहोस्टसोबत सर्व्हरचा लॅनचा, म्हणजे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा, आयपी घाला आणि रीस्टार्टच करा, रीलोडने (न थांबवता सेटिंग पुन्हा वाचायला लावून) ते बदलत नाही. मग एरर बदलेल, पीजी-एचबीए फाइलमध्ये (pg_hba.conf, कोणाला कुठून आत घ्यायचं त्याची यादी) एन्ट्री नाही म्हणेल, ती चांगली खूण आहे, तिथे तुमच्या सबनेटची (तुमच्या नेटवर्कच्या आयपी पत्त्यांच्या गटाची) ओळ टाका, पद्धत स्क्रॅम (पासवर्ड तपासणारी) ठेवा, 'ट्रस्ट' चुकूनही नको, कुणीही पासवर्डशिवाय आत येईल. याला मात्र रीलोड पुरतं. तरी अडलं तर एसएसचं आउटपुट टाका, बघू.