विषय: त्रिनिदादला दोन वर्षांसाठी जातोय – घर, भाषा, खाणंपिणं

प्रेषक: नवीन सभासद, मिसिसागा (कॅनडा)

सप्रेम नमस्कार.

ह्यांना पॉइंट लिसासच्या एका अमोनिया कारखान्यात दोन वर्षांचं काम मिळालंय. ऑगस्टमध्ये निघायचं आहे, मुलगी आठ वर्षांची आहे. ओळखीचे लोक म्हणतात, राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्येच घर घ्या. तिथे भारतीय वंशाचे लोक पुष्कळ आहेत असं ऐकलंय. मग हिंदीवर भागतं का? एखादं मराठी कुटुंब भेटेल का? डाळी-मसाले इथून न्यावेत का? कुणी राहून आलं असेल तर जरूर लिहा.

---

प्रेषक: काकू, स्कारबरो

अगं, सहा वर्षं त्रिनिदादच्या कूव्हा गावात काढली आहेत मी. तुझी मेल वाचली आणि हातातलं काम टाकून बसले.

आधी घराचं बोलू. पॉइंट लिसास कूव्हाला अगदी खेटून आहे. पोर्ट ऑफ स्पेन तिथून 35 किलोमीटरच्या आसपास, पण शहरातून बाहेर पडण्यातच वेळ जातो. कूव्हा किंवा चाग्वानासला घर बघा. ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. जून ते डिसेंबर पाऊस, जानेवारी ते मे कोरडे. चक्रीवादळं बहुधा बेटाच्या उत्तरेकडून निघून जातात, पण कारोनीच्या सपाट भागात पाणी चढतं. म्हणून घर ठरवण्याआधी शेजारच्यांना विचार, गेल्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं. खिडक्यांना लोखंडी जाळ्या असलेलंच घर घ्या. गुन्हेगारीची भीती तिथे खरी आहे, रात्री अनोळखी भागात फिरायचं नाही.

हिंदी चालते हे मात्र मनातून काढून टाक. भारतीय मजुरांचं पहिलं जहाज, फातेल रझाक, 30 मे 1845 ला तिथे लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 1917 पर्यंत करारावर जवळजवळ दीड लाख माणसं गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली, कलकत्त्याहून. मॉरिशसला आपली मराठी माणसं गेली, तसं तिथे झालं नाही. घरोघरी बोलतात ती तिथली इंग्रजी, आणि ती कानाला बसायला महिनाभर लागतो. मराठी कुटुंब भेटलं तर ते तुमच्यासारखंच नोकरीनिमित्त आलेलं असेल.

पण भाषा गेली तरी शब्द राहिलेत. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी मी खोकी उघडत होते आणि बाहेरून लहान मुलाची हाक आली, "आजी! आजी!" मी हातातलं टाकून व्हरांड्यात पळाले. शेजारचा नातू बापाच्या आईला हाक मारत होता. तिथे बापाची आई आजी, बापाचे वडील आजा, आईकडचे नाना-नानी. दुसऱ्या दिवशी त्या आजी ताटली घेऊन आल्या. त्यात साहीना होता. अळूच्या पानांना वाटलेल्या डाळीचा लेप, गुंडाळी, काप करून तळलेले. मी म्हटलं, ही तर आमची अळुवडी! त्यांना काही कळेना. मग रविवारी दोघी एका ओट्यावर बसलो. त्यांची डाळ वाटाण्याची, माझं बेसन. माझा चिंच-गूळ बघून त्या थबकल्या, चाखून मात्र दोनदा घेतलं. अळूला तिथे दशीन म्हणतात आणि पालेभाजी कुठलीही असो, ती 'भाजी'च. कारलं 'कराइली', जिरं 'गीरा', चवळीची लांब शेंग 'बोडी'. तूर ओलीच शिजवतात, भातात घालून. कोथिंबिरीच्या जागी शॅडो बेनी, करवतीसारख्या कडांचं लांब पान, वास कोथिंबिरीचाच पण दुप्पट उग्र. पोह्यांवर चिमूटभरच घाल. गोडा मसाला आणि कोकम तेवढं इथून ने.

सकाळी रस्त्याकडेला डबल्सची गाडी दिसेल. हळदीचे पिवळे, मऊ दोन 'बारे', म्हणजे तळलेल्या पुऱ्यांसारखे, मधे रसाळ चणे, वर चिंचेची चटणी आणि काकडी. उभ्यानंच खायचं. 'स्लाइट' म्हणालीस तर तिखट बेताचं घालतात. लेकीसाठी हा शब्द पाठच कर, तिथल्या मिरचीपुढे लवंगी काहीच नाही.

आणि एका ओहोटीला वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ बघून या. सिवदास साधू म्हणून एक ऊसमजूर होते. त्यांनी 1947 मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जागा साखर कंपनीची, म्हणून ते पाडलं, वर त्यांना दंड आणि तुरुंग. सुटून आल्यावर ते म्हणाले, जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही. सायकलवरून दगड, सिमेंट नेऊन पाण्यात भर घातली, वर्षानुवर्षं, एकट्यानं. आजचं देऊळ 1995 मध्ये सरकारनं पुरं केलं. शेजारीच स्मशान आहे, एखादी चिता जळत असेल. लेकीला आधी सांगून ने. मी तिथे बसले की घरी परतावंसंच वाटायचं नाही.

दिवाळीची सुट्टी सगळ्या देशाला असते. बांबू चिरून कमानी वाकवतात आणि त्यावर पणत्या लावतात, त्यांचा शब्द 'दिया'. ते पाहिल्याशिवाय परत येऊ नका.

---

प्रेषक: काका, ओकव्हिल

वहिनींनी घराचं, स्वयंपाकघराचं सगळं लिहिलं. माझी विनंती एवढीच, की अर्धंच बेट बघून येऊ नका. आफ्रिकन वंशाचे लोकही जवळजवळ तितकेच आहेत, आणि स्टीलपॅन हे वाद्य त्यांनी जगाला दिलं. इंग्रजांनी ढोलांवर बंदी घातली, तर यांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे डबे, मग तेलाची पिंपं. पिंपाचा तळ ठोकून एकेका सुराची जागा काढतात. कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी पॅनयार्डात, म्हणजे वादकांच्या अंगणात, तालमी चालतात. लेकीला नक्की न्या. मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा छातीत घुमत होतं.

आणि क्वीन्स पार्क ओव्हल! मार्च 1971. आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते तिथेच. कप्तान वाडेकर, सरदेसाईचं शतक, गावसकरचा पहिलाच सामना, 65 आणि नाबाद 67. त्याच मैदानावर पाचव्या कसोटीत 124 आणि 220. आम्ही दादरला सकाळच्या पेपरावर झडप घालायचो. लॉर्ड रिलेटर नावाच्या, तिथली कॅलिप्सो लोकगीतं गाणाऱ्या गायकानं गावसकरवर गाणं रचलं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, गावसकर म्हटलं की खुर्ची पुढे सरकवतात.

---

प्रेषक: नवीन सभासद, मिसिसागा

काकू, काका, तुमच्या मेल ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. घर कूव्हातच बघतोय. लेक विचारतेय, तिथे मी आजी कुणाला म्हणू? काकू, एक राहिलं. दशीनची पानं खाजरी असतात का?

---

प्रेषक: काकू, स्कारबरो

काही खाजतात. कोवळी घे, देठ आणि जाड शिरा काढ, चिंच सढळ हातानं घाल आणि पुरती उकडल्याशिवाय तळू नकोस. लेकीला म्हणावं, आमच्या कूव्हातल्या घराच्या उजवीकडच्या पिवळ्या घरात, अंगणात हनुमानाची लाल झंडी आहे ना, तिथे हाक मार. पत्ता वेगळा पाठवते.