सीआरपी नॉर्मल, तरी पाठ आखडलेली: मणक्याच्या संधिवातात रक्ताच्या रिपोर्टवर किती विसंबावे?

प्रश्न:
माझ्या २९ वर्षांच्या धाकट्या भावाला दोन वर्षांपूर्वी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे निदान झाले. पहाटे चारच्या सुमारास तो दुखण्याने जागा होतो. उठताना आधी कुशीवर वळतो, पलंगाची कड धरतो आणि मग पाय खाली सोडतो. पाठ मोकळी व्हायला तास-दीड तास जातो. तरीही शरीरातील दाह दाखवणाऱ्या सीआरपी आणि ईएसआर या रक्ततपासण्या गेल्या तिन्ही वेळा नॉर्मल आल्या: सीआरपी ३ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास आणि ईएसआर १२. 'रिपोर्ट चांगला आहे, मग दुखते कसे?' असे घरातील वडीलधारे विचारतात, तेव्हा तो गप्प बसतो. आजार किती जागा आहे, हे रक्तातून खरेच कळते का?

उत्तर १:
ताई, हा आजार मी चौदा वर्षे अंगावर वागवत आहे, म्हणून आधी एवढेच सांगतो की आपल्या भावाचे दुखणे खरे आहे. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते आणि ते शरीरातील दाहाला दिलेले उत्तर असते. पण मणक्यात आणि सॅक्रोइलियाक सांध्यांत (मणक्याचा तळ कंबरेच्या हाडांना जोडणाऱ्या सांध्यांत) दाह असूनही अनेक रुग्णांच्या रक्तात ते वाढतच नाही. माझे मात्र आजार उसळला की हमखास वाढते, त्यामुळे माझ्यासाठी ती तपासणी उपयोगी ठरते. कोण कोणत्या गटात मोडतो, हे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून पाहिल्यावर उमगते.

उत्तर २:
मी संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागात काम करते. ईएसआर वय, रक्तक्षय आणि गर्भारपण यांनीही बदलतो आणि सावकाश उतरतो. सीआरपी काही तासांत चढते व कारण सरले की लवकर खाली येते, म्हणून तिला अधिक महत्त्व दिले जाते. मात्र साधा जंतुसंसर्ग किंवा लठ्ठपणाही ती वाढवू शकतो. म्हणूनच आजाराची सक्रियता मोजणाऱ्या एएसडीएएस या गुणांकात सीआरपीच्या जोडीला पाठदुखी, सकाळच्या आखडलेपणाचा कालावधी, इतर सांध्यांचे दुखणे व सूज आणि रुग्णाचे स्वतःचे एकंदर मत धरले जाते. गुणांक १.३ पेक्षा कमी असेल तर आजार शांत, २.१ किंवा अधिक असेल तर बराच सक्रिय, आणि ३.५ च्या वर गेला तर अतिसक्रिय मानतात. मला सर्वांत बोलकी वाटते ती टोसिलिझुमॅबची गोष्ट: दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या प्रथिनाचे कार्य रोखणाऱ्या या औषधाने चाचण्यांत सीआरपी उतरली, पण या रुग्णांची लक्षणे अपेक्षेप्रमाणे कमी झाली नाहीत. अर्थात वाढलेली सीआरपी दुर्लक्षिण्याजोगी नसते; अशा रुग्णांत मणक्यावर हाड वाढण्याचा धोका अधिक असतो आणि टीएनएफरोधक औषधांचा (टीएनएफ हे दाह वाढवणारे दुसरे प्रथिन रोखणाऱ्या) गुणही बहुधा चांगला येतो. एचएलए-बी२७ ही जनुकीय खूण निदानाला मदत करते, पण आजाराच्या चढउताराबरोबर बदलत नाही, तेव्हा ती चाचणी पुन्हा करून घेऊ नये.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. रक्त देण्याच्या आदल्या आठवडाभर तो वेदनाशामक गोळी रोज घेत होता, हे डॉक्टरांना सांगायचे राहून गेले.

उत्तर २:
ते अवश्य सांगा, कारण त्या गोळ्यांनी सीआरपी काहीशी उतरू शकते; पण तपासणीसाठी म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. पहाटेची जाग आणि पाठ मोकळी होण्याची वेळ दोन आठवडे वहीत लिहून ती दाखवा, आणि सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय हवा का, हेही विचारा. रिपोर्टवरील एकक तपासायला विसरू नका: मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरमधील ०.३ म्हणजेच प्रतिलिटर ३.