मेंदूतील नव्या पेशींना ‘फुटवा’ म्हणावे काय?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी विज्ञान शिकवते. इजेनंतर उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी तयार होतात, या विषयावर फळ्यावर मी ‘पेशींची वाढ’ असे लिहिले, तर एका मुलाने विचारले, “म्हणजे पेशी फुगतात काय?” ते खोडून मी ‘फुटवा’ लिहिले, कारण पऱ्हाटीचा (कपाशीच्या झाडाचा) शेंडा खुडला की बगलफांद्या जोमाने फुटतात, हे मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. हा शब्द चालेल काय? आणि उंदरांसाठी वापरला जाणारा ‘कृंतक’ हा शब्द मुलांना कसा समजावावा?

उत्तर : ताई, त्या मुलाची शंका अगदी रास्त आहे, ‘वाढ’ आकाराचीही असते आणि संख्येचीही. ‘फुटवा’ मात्र चालू नये. फुटवा त्याच झाडाला येतो, पण जखमी चेतापेशी (मेंदूतील संदेश वाहणारी पेशी) विभागून दुसरी चेतापेशी होत नाही. नव्या पेशी मूलपेशींपासून, म्हणजे विभागून वेगवेगळ्या पेशी देऊ शकणाऱ्या पेशींपासून येतात आणि प्रौढ उंदरात त्यांची मुख्य ठाणी दोनच आहेत : हिप्पोकॅम्पसमधील (मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागातील) एक पातळ थर आणि मेंदूतील पोकळ्यांची भिंत. प्रौढ उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशी नव्याने जन्मतात, हे जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्ये दाखवले होते. इजेनंतरच्या काही दिवसांत या मूलपेशींचे विभाजन वाढते, परंतु जन्मलेल्या पेशींपैकी पुष्कळशा चेतापेशी न होता आधारपेशी होतात. म्हणून आधी ‘नवपेशीजनन’ म्हणावे आणि ‘चेतापेशीजनन’ हा शब्द ज्या खरोखर चेतापेशी होतात त्यांच्यासाठीच राखावा.

‘पुनर्जनन’ तर मला फसवा वाटतो, कारण त्यातून पालीची शेपटी परत येते तसे चित्र उभे राहते. मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ अडवलेल्या उंदरांवरचा २००२ चा अभ्यास सांगतो की इजेच्या जागेकडे सरकलेल्या नव्या चेतापेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक मेल्या आणि इजेत नष्ट झालेल्या मूळ चेतापेशींपैकी सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन, एवढ्यांचीच जागा भरली. शेतातलाच शब्द हवा असेल तर ‘खाडे भरणे’ जवळचा आहे : जिथे उगवले नाही तिथे सरकी पुन्हा डोबतो, पण उशिराचे रोप शेजारच्या पऱ्हाटीच्या सावलीत खुरटते.

दुसरे उत्तर : ‘कृंतक’ म्हणजे कुरतडणारे, त्यात उंदीर, घूस, खार, साळिंदर येतात. चिचुंद्री मात्र त्यात येत नाही, हेही मुलांना सांगावे. आमच्याकडे तिला सर्रास उंदरांतच धरतात.