शब्दचर्चा : 'सैतान' हे नाव की हुद्दा?

प्रश्न : बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीत सैतान देवाच्या दरबारात येतो, देव त्याच्याशी बोलतो, ईयोबाला छळायची मुभासुद्धा देतो. देवाचा वैरी दरबारात कसा? ज्यू लोक या शब्दाचा अर्थ वेगळा लावतात का?

उत्तर : हो. मूळ हिब्रू शब्द 'सातान'. अर्थ विरोधक, आडवा येणारा. हिब्रू बायबलमध्ये (ख्रिस्ती लोकांचा 'जुना करार') तो साध्या माणसांनाही लागतो. इस्राएलचे वैरी असलेले पलिष्टी सरदार पुढे इस्राएलचा राजा झालेल्या दावीदाला लढाईत सोबत न्यायला तयार नसतात, कारण ऐन वेळी तो आपलाच 'सातान' होईल ही भीती. शलमोन राजाविरुद्ध उठलेला अदोमी हदाद, तोही 'सातान'.

सगळ्यात बोलकं उदाहरण बिलाम या द्रष्ट्याचं. तो गाढवीवर बसून निघालाय, देवाचा दूत उपसलेली तलवार घेऊन वाटेत उभा आहे. गाढवीला तो दिसतो, बिलामाला दिसत नाही. हा दूत त्याच्यापुढे 'सातान म्हणून' उभा राहिला, असं मूळ वाक्य आहे. म्हणजे इथे खुद्द देवदूतच सातान! भाषांतरात हे कळत नाही, कारण तिथे 'अडवायला उभा राहिला' असं क्रियापद येतं आणि शब्द नाहीसा होतो.

ईयोबाच्या गोष्टीत शब्द 'हा-सातान' असा आहे. 'हा' हे हिब्रूतलं निश्चित उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या 'the'सारखं, आणि व्यक्तीच्या नावाला ते लागत नाही. म्हणून हे नाव नव्हे, हुद्दा आहे. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देशमुख हे आधी हुद्दे होते, मग आडनावं झाली. तसंच इथे घडलेलं दिसतं. दावीदाने केलेल्या शिरगणतीची हकिकत दोनदा येते. शमुवेलाच्या पुस्तकात त्याला देवाचा कोप प्रवृत्त करतो. नंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकात तेच काम 'सातान' करतो, आणि तिथे उपपद नाही. हुद्द्याचं नाव होताना इथे जवळजवळ डोळ्यांना दिसतं.

ज्यू परंपरेत हा दरबारातला फिर्यादी आहे. आरोप ठेवतो, कसोटी घेतो, पण परवानगीशिवाय बोटही लावू शकत नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रेश लाकिश हे पंडित म्हणतात की सातान, माणसातली वाईट ओढ (येत्सेर हारा) आणि मृत्यूचा दूत हे तिन्ही एकच. बंड करून स्वर्गातून पडलेल्या देवदूताची कथा हिब्रू बायबलमध्ये नाही. उत्तरकाळातल्या काही मिद्राशांत (बायबलवरच्या ज्यू टीका-कथांत) समाएल नावाच्या दूताच्या रूपाने तशी छटा येते, पण देवाच्या तोडीची दुष्ट सत्ता ज्यू विचाराला मान्यच नाही.

मराठीत 'सैतान' आला तो अरबीतल्या 'शैतान'वरून, फारसीच्या वाटेने. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात आधी राक्षस उभा राहतो आणि ईयोबाची गोष्ट तिथेच बिघडते. माझं मत विचाराल तर ईयोबाच्या पुस्तकात 'फिर्यादी' हाच शब्द बसवावा.

प्रश्न : मग 'देवदूत' तरी बरोबर आहे का?

उत्तर : बराच बरोबर. हिब्रू 'मलाख' म्हणजे पाठवलेला, निरोप्या. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला वाटेत देवाचे मलाख भेटतात, आणि दोन-तीन ओळींनंतर तो भाऊ एसावकडे आपली माणसं पाठवतो तेही मलाखच. एकच शब्द, आपण मात्र एकीकडे देवदूत आणि दुसरीकडे जासूद असं तोडून टाकतो. फारसीतल्या 'फरिश्ता'च्या मुळाशीही 'पाठवलेला' हाच अर्थ आहे. मिद्राश सांगतो की एक मलाख दोन कामं करत नाही. म्हणून अब्राहामाकडे पाहुणे आले ते तीन : एक साराला मुलगा होणार हे सांगायला, एक अब्राहामाला बरं करायला, एक सदोम शहर उलथवायला. काम हीच त्याची ओळख. 'डॉक्टर देवदूतासारखे धावून आले' असं आपण म्हणतो तेव्हा नकळत या अर्थाच्या फार जवळ असतो. पंख आणि पांढरा झगा हे चित्र मागाहून आलं.

प्रश्न : कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, 'एलियाहू हन्नाबी' म्हणतात, त्यातला 'ह' कुठला?

उत्तर : छान विचारलंत! तो 'हा-सातान'मधलाच 'हा'. 'नाबी' म्हणजे संदेष्टा, उपपद लागून 'हन्नाबी'. इथेही हुद्दाच आहे, फक्त आधी नाव आलंय. एलियाहू न मरता स्वर्गात गेले, म्हणून ते कुठेही हजर होऊ शकतात अशी श्रद्धा. सुंतेच्या वेळी त्यांच्यासाठी खुर्ची मांडतात, पेसाह या सणाच्या रात्री पेला भरून ठेवतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्यांच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत असं बेने इस्रायल मानतात. नवस फेडायला किंवा लग्नकार्याच्या आनंदात घरी मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, आणि एलियाहूंच्या नावाने प्रार्थना. 'मलिदा' फारसी, पोहे कोकणचे, आणि हाक मात्र हिब्रू उपपदासकट जशीच्या तशी.