परवाना घेऊन बांधलेली जुनी रेस कार : खरी म्हणायची की नक्कल?

गिअरदांडी

साठच्या दशकातल्या रेस कार आज नव्याकोऱ्या विकत मिळतात, आणि त्याही चोरून नाही, नावाच्या मालकाकडून रीतसर परवाना घेऊन. सुपरफॉर्मन्सच्या नावाने विकल्या जाणाऱ्या शेल्बी कोब्रा, डेटोना कूपे आणि मूळची फोर्डची जीटी४० दक्षिण आफ्रिकेत बांधल्या जातात. जनरल मोटर्सच्या परवान्याची कॉर्व्हेट ग्रँड स्पोर्टही त्यांच्याकडे आहे. जॅग्वार, अ‍ॅस्टन मार्टिन आणि बेंटलीने तर आपल्याच जुन्या गाड्या पुन्हा बांधल्या. तरी विषय निघाला की कुणीतरी 'डुप्लिकेट' म्हणून नाक मुरडतंच. मला ते पटत नाही.

ग्रँड स्पोर्टचंच घ्या. कॉर्व्हेटचा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटॉव्हला १२५ गाड्या बांधायच्या होत्या. १९६३ मध्ये जनरल मोटर्सने रेसिंगमधून अंग काढून घेतलं आणि घोडं पाचावरच अडलं. म्हणजे ती गाडी कशी चालते हे अनुभवायचं तर त्या पाच मालकांपैकी कुणाचा तरी जावई व्हायला हवं. डेटोना कूपे बनल्या सहा. त्यांच्या जोरावर कोब्रा बनवणाऱ्या कॅरोल शेल्बीच्या संघाने १९६५ साली मोठ्या जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या) गाड्यांचं जागतिक विजेतेपद फेरारीच्या हातून काढून घेतलं. त्याच काळातली एक फेरारी २५० जीटीओ २०१८ च्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. एवढ्या किमतीची गाडी वळणावर जीव तोडून पळवणारे किती निघतील?

नव्या जीटी४० मध्ये मूळ गाडीसारखाच पोलादी मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच, आहे. उंची जवळपास ४० इंच, दार थेट छतात शिरलेलं, डोकं सांभाळत आणि पाय आधी सरकवत आत उतरावं लागतं. उजव्या स्टिअरिंगची घेतलीत तर गिअरची दांडीही उजव्याच हाताला, दाराच्या उंबऱ्यावर. एवढं सगळं जसंच्या तसं असताना ती खोटी कशी?

तेलकट हात

परवाना कशाचा असतो ते आधी बघू. नावाचा आणि आकाराचा. आतलं लोखंड मूळ गाडीसारखं आहे याची हमी त्यात कुणी देत नाही. जीटी४० बद्दल तुम्ही म्हणता ते ठीक, पण कोब्राचं काय? मूळ बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, हाताने ठोकून काढलेली. परवान्यातल्या बहुतेक फायबरग्लासच्या, आणि इंजिन गिऱ्हाईक म्हणेल ते. अमेरिकेत तर वर्षानुवर्षं ही गाडी इंजिनाशिवाय विकत. चाकांवर उभा केलेला सांगाडा एकाने द्यायचा, इंजिन-गिअरबॉक्स दुसऱ्याने बसवायचा, म्हणजे पूर्ण गाडी कुणी विकलीच नाही असं म्हणायला मोकळे.

आणि शिक्क्याचं इतकं कौतुक असेल तर हेही लक्षात असू द्या. साठच्या दशकातल्या उरलेल्या चेसिस (सांगाडे) म्हणून खुद्द कॅरोल शेल्बींनी विकायला काढलेल्या कोब्रा प्रत्यक्षात नव्यानेच बनवल्या होत्या, हे नव्वदच्या दशकात वर्तमानपत्राने उघड केलं. नावाचा मालकच असं करत असेल तर त्याच्या परवान्याला मी किती किंमत द्यायची?

बिनब्रेक

त्या नव्या जीटी४० मध्ये एसी मिळतो म्हणे. एसी! २४ तासांच्या ल मान्स शर्यतीच्या गाडीत! माझं मत ठरलं, चर्चा चालू द्या.

चेसिस नंबर

तुम्ही दोघं वेगवेगळी प्रकरणं एकाच पोत्यात भरताय. शेल्बीचा परवाना घेऊन तिसऱ्याने बांधलेली गाडी वेगळी आणि कारखान्याने स्वतः पुढे चालवलेली मालिका वेगळी.

जॅग्वार एक्सकेएसएस घ्या. १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि ठरलेल्या २५ पैकी नऊ गाड्या त्यात गेल्या. जॅग्वारने २०१६ मध्ये जाहीर केलं की त्या नऊ आता बांधू. त्याआधी लाइटवेट ई-टाइप: १९६३ मध्ये १८ क्रमांक राखून ठेवले होते, बांधल्या १२, उरलेल्या सहा २०१४ मध्ये हाती घेतल्या. इथवर मी त्यांच्या बाजूने आहे. अर्धं राहिलेलं काम पुरं केलं म्हणायचं.

पण मग डी-टाइप २५, कारण म्हणे शंभर बांधायच्या होत्या आणि ७५ च झाल्या. पाठोपाठ सी-टाइप आठ. तिकडे अ‍ॅस्टन मार्टिनच्या डीबी४ जीटी २५. प्रत्येक वेळी कारण थोडं पातळ होत गेलं, किंमत मात्र नाही. डीबी४ जीटी दहा लाख पौंडांच्याही वर, आणि वर रस्त्यावर चालवायला मनाई, फक्त ट्रॅकवर! यापेक्षा दुकानातून घरी चालवत नेता येणारी फायबरग्लासची कोब्रा मला जास्त सरळ वाटते.

बेंटली ब्लोअरचा किस्सा तर औरच. बर्किन या रेसरच्या संघातली एक मूळ गाडी पार सुटी करून स्कॅन केली आणि तिच्यावरून १२ बांधल्या. ब्लोअरने ल मान्स एकदाही जिंकलं नाही, आणि इंजिनात जास्त हवा कोंबणारा सुपरचार्जर, म्हणजेच ब्लोअर, बसवायला स्वतः संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटलींचाच विरोध होता. पण दिसते राजबिंडी, म्हणून निवड तिची.

गिअरदांडी

@तेलकट हात, बिनइंजिनाची गोष्ट आता जुनी झाली. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने छोट्या उत्पादकाला वर्षाला ३२५ पर्यंत अशा गाड्या पूर्ण बांधून विकायची मुभा दिली, नियम काही वर्षांनी आले. मूळ गाडी किमान २५ वर्षं जुनी हवी, आकार आणि नावाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचा परवाना हवा, आणि इंजिनाने आजचे प्रदूषणाचे निकष पाळायला हवेत. एअरबॅगमधून मात्र सूट. म्हणजे परवाना हा नुसता बोनेटवरचा बिल्ला नाही, त्याशिवाय गाडी कायद्यात बसतच नाही. उलट फेरारी बघा. परवान्याचं नाव नाही, आणि २०१९ मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाकडून जीटीओ ही कलाकृती आहे असा निकालच घेतला.

आणि मूळ गाड्यांचं सोवळं मला सांगू नका. जीटी गटात बसायला शंभर गाड्या लागत. फेरारीने ही आधीच्या २५० चीच सुधारित आवृत्ती आहे असं सांगून जीटीओ आत सरकवली आणि बांधल्या फक्त ३६. आज शर्यतीत पळणाऱ्या एखाद्या 'मूळ' गाडीचे पत्रे, इंजिन ब्लॉक, सस्पेन्शनचे हात यातलं साठच्या दशकातलं किती उरलंय, ते तिच्या मेकॅनिकला एकांतात विचारा.

तेलकट हात

कमी उरलं असेल, पण जे बदललं ते एकेक करून, गरज पडली तसं बदललं. १९६५ ला धडकली, १९६६ ला पुढचा भाग नवा बसवला, असा तिचा माग लागतो. तुमच्या गाडीचा माग ऑर्डरच्या फॉर्मपासून सुरू होतो. त्यातही हाताने ठोकलेल्या बॉडीची डावी-उजवी बाजू मिलिमीटरला जुळत नसे. संगणकावर ती सारखी करून घेतली की मला त्यात माणूस दिसत नाही. हा माझा हट्ट म्हणा हवं तर.

पण खरा त्रास ट्रॅकवर आहे. ऐतिहासिक शर्यतींसाठी मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयए जो तांत्रिक पासपोर्ट देते तो गाडी त्या काळच्या मापात आहे का एवढंच बघतो, ती कधी आणि कुणी बांधली याची ग्वाही देत नाही. म्हणजे मापात बांधलेली नवी गाडी जुनीच्या शेजारी उभी राहू शकते. नवीवाला पहिल्या वळणावर बिनधास्त नाक घुसवणार, फुटलं तर पत्रा मागवेल. जुनीवाला ब्रेक दाबणार. असे दोन हंगाम गेले की जुन्या गाड्या घरी बसतील, आणि मग तुम्हीच लिहाल की मूळ गाड्या कुणी चालवतच नाही.

चेसिस नंबर

हा मुद्दा बिनतोड आहे. त्यात भर म्हणजे परवान्याच्या जीटी४० ना मूळ मालिका पुढे चालवणारे क्रमांक देतात. आज सगळ्यांना माहीत आहे कुठली कधीची. चार हात बदलले, कागद हरवले, की फसायला गिऱ्हाईक तयार.

गिअरदांडी

क्रमांकाची मालिका वेगळी हवी आणि बांधल्याचं वर्ष चेसिसवरच ठोकलेलं हवं, एवढं मीही मागेन. ट्रॅकवर नव्यांची शर्यत वेगळी लावा, माझी ना नाही. पण त्यासाठी गाडीच खोटी ठरवणं मला मान्य नाही.

@बिनब्रेक, त्या एवढ्याशा खिडकीत, पाठीला इंजिन चिकटवून, भर उन्हात अर्धा तास बसा आणि मग एसीबद्दल लिहा.